चोरून किती दिवस शिकणार?

पत्र

ताई, नमस्कार.

मी एका सहकारी बँकेत लेखनिक आहे. वय ३६. राहते कऱ्हाडला, शाखा गावात आहे, एसटीनं पाऊण तास. मिस्टर एमआयडीसीत, पाळ्यांमध्ये. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. सासूबाई घरी असतात, त्यांचे गुडघे धरलेत. आमच्या शाखेत गुरुवारी बचत गटांचं काम असतं आणि ते टेबल माझ्याकडे. तिथं बसून बसून वाटायला लागलं की आपल्याला यातलं नीट कळलं पाहिजे. म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.ए. ग्रामीण विकासला प्रवेश घेतला.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग धाकटा आजारी पडला, मग सासूबाई, मग शाखेतला एक माणूस बदलून गेला आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. आता एक पेपर ३८ वर अडकलाय, पास व्हायला ४० लागतात. एका पेपरला अजून बसलेच नाही, त्याचे असाइनमेंटही दिलेले नाहीत. प्रबंध तर सुरूच नाही. ज्या सरांनी मार्गदर्शक व्हायला होकार दिला होता त्यांना आठ महिने फोन केलेला नाही, आता कुठल्या तोंडानं करू? चार वर्षांची मुदत पुढच्या जूनला संपते.

रात्री अकराला ओटा आवरून मोबाईलवर पीडीएफ उघडते आणि तशीच झोप लागते. सासूबाईंना वाटतं, ही मोबाईल बघत बसते. बँकेत कुणाला सांगितलेलं नाही, कारण आमचे शाखाधिकारी एकदा दुसऱ्या कुणाबद्दल म्हणाले होते, 'बाहेरून डिग्र्या करून काय कलेक्टर होणारेत का?' मिस्टर म्हणतात, 'झेपत नसेल तर सोड, मी कुठं जबरदस्ती केलीय.' यंदा ३१ मार्चला शाखेतून निघायला रात्रीचे साडेदहा वाजले. शेवटची गाडी गेली होती. मिस्टर न्यायला आले, आणि वाटेत मला एकदम रडू आलं.

गटाच्या एक अध्यक्षाबाई दर गुरुवारी येतात. पासबुकावर नुसता हात फिरवतात आणि विचारतात, 'बाई, आमचा गट अजून जित्ता हाय न्हवं?' माझ्या शिक्षणाचंही तेच झालंय. सोडून देऊ का?

अर्धवट

उत्तर

आधी ती सही खोडा. या शब्दाचा एक अर्थ अपुरं आणि दुसरा डोक्यानं कमी. दुसरा तुम्हाला लागू नाही हे पत्रावरून दिसतंच आहे. पहिल्याबद्दल म्हणाल, तर नोकरी, दोन मुलं आणि घर सांभाळून तुमचे दोन पेपर आणि एक प्रबंध सोडून सगळं झालेलं आहे. बँकेतल्या बाईनं खात्यात जमा काय आहे ते न बघता नुसती बाकी काढावी, याचं मला नवल वाटलं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नोकरी करून शिकणाऱ्यांची पत्रं मला बरीच येतात आणि त्यातल्या बहुतेकांत दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'वेळच मिळत नाही' असतं. तुमच्या पत्रात ते कुठंच नाही. तुमच्या पत्रात काय आहे, तर सासूबाईंना माहीत नाही, बँकेत माहीत नाही, सरांना तोंड दाखवता येत नाही आणि नवऱ्यासमोर रडू आलं तर ते 'एकदम' आलं. तुम्ही एम.ए. चोरून करताय. शिधापत्रिकेवर नाव नसलेलं पोर घरात वाढवावं तसं. आणि चोरून केलेल्या गोष्टीला घरातलं कुणी वेळ देत नाही, ऑफिसातलं कुणी रजा देत नाही. कशी देतील? त्यांना ठाऊकच नाही.

मी हे अधिकारवाणीनं बोलतेय, कारण मी स्वतः तेच केलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉलचे दिवस. मराठीत एम.ए. करत होते, बहिःस्थ. रात्रपाळीला दीड-दोननंतर बोर्ड शांत व्हायचा. मग खण अर्धा उघडायचा, आत वही, आणि बोर्डावर दिवा लागला की गुडघ्यानं खण आत. डाव्या गुडघ्यावर त्याचा कायमचा वण आहे. पहिलं एक वर्ष तर मी नुसतं घालवलं, कारण परीक्षेचा फॉर्म हाती नेऊन द्यावा लागे आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा कशासाठी हवी ते सांगायची लाज वाटली. पुढच्या वर्षी परीक्षा आली तेव्हा तापाची रजा टाकली. चार पेपर होते, म्हणून ताप चार दिवस. तिसऱ्या पेपरला शेजारच्या बाकावर कोण, तर आमच्या सुपरवायझर बाईंची धाकटी बहीण.

कामावर परत गेले तर बाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'काय हो, ताप कितव्या वर्षाला आहे?'

मला वाटलं, आता मेमो. त्यांनी पाळ्यांचं रजिस्टर पुढं ओढलं आणि म्हणाल्या, 'पुढच्या वेळी तारखा आल्या की आधी सांगत जा. ऐनवेळी बदली ऑपरेटर मिळवताना माझा जीव जातो.' बस, एवढंच. मी कविता वाचते की कुंडल्या मांडते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, त्यांना बोर्डावर माणूस हवा होता. तुमच्या शाखाधिकाऱ्यांनाही काउंटरवर माणूस हवा आहे. कलेक्टरचा टोमणा त्यांनी दुसऱ्या कुणाला मारला आणि तुम्ही तो आपल्या पदरात बांधून घरी नेलात.

तेव्हा अर्ज करा. पण त्याआधी आस्थापना विभागात ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याकडून तुमच्या बँकेचे सेवानियम काढून बघा. बऱ्याच ठिकाणी नोकरीत असताना पुढं शिकायचं तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तुम्ही ती घेतलेली दिसत नाही, आणि उद्या ही पदवी सेवापुस्तकात नोंदवायला जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच येईल. आज साधा अर्ज दिला तर एखादं 'आधी का नाही सांगितलं' ऐकून घ्यावं लागेल. पदवी हातात आल्यावर दिलात तर खुलासा द्यावा लागेल. अर्जासोबत प्रवेशाच्या कागदाची प्रत लावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही रोज लोकांना सांगत असाल.

रजा मागताना 'अभ्यासासाठी' असं मोघम मागू नका. वेळापत्रक आलं की पेपरच्या तारखा लिहून, हॉलतिकीट आलं की ते जोडून, त्या दिवशी गुरुवारचं टेबल कोण बघेल हेही आपणच सुचवून मागा. जूनची परीक्षा मार्च एंड उरकल्यावर येते, हे तुमच्या बाजूचं आहे. ३१ मार्चला साडेदहापर्यंत बसलेल्या माणसाला जूनमध्ये एक दिवस नाही म्हणणं साहेबांनाही जड जातं. साडेदहापर्यंत बसलात हे अर्जात लिहू नका, तोंडी मात्र एकदा येऊ द्या.

'बाहेरून डिग्री'बद्दल. इग्नू हे संसदेच्या कायद्यानं १९८५ साली झालेलं विद्यापीठ आहे, आणि मान्यता असलेल्या दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत लिहिलेलं आहे. साहेबांशी वाद घालायला हे सांगत नाही, तुमच्या मनात जी पाल चुकचुकते तिच्यासाठी सांगतेय. हां, तुम्हाला बढती किंवा पगारवाढ याच एका कारणासाठी शिकायचं असतं, तर मी म्हटलं असतं की गाडी चुकीची पकडलीत. सहकारातल्या माणसाला जी.डी.सी. अँड ए. ही सरकारी पदविका आहे, बँकवाल्यांना जे.ए.आय.आय.बी. ही बँकिंगची परीक्षा आहे, त्यांची विचारपूस करा. पण तुम्ही पत्रात पगाराचा विषयच काढलेला नाही. तुम्ही त्या टेबलामुळे शिकायला लागलात. ते टेबल अजून तुमच्याकडेच आहे, म्हणजे कारण अजून तिथंच आहे.

आता घर. सासूबाईंना वाटतं तुम्ही मोबाईल बघता, तर त्यात त्यांची चूक काय? त्यांना अंधारात एक चेहरा दिसतो, खालून निळा उजेड पडलेला, आणि थोड्या वेळानं तो चेहरा घोरायला लागतो. माझी सासू असती तर ती याहून वाईट काही समजली असती. उद्या शाखेतून येताना जो पेपर राहिलाय त्याच्या पहिल्या खंडाची झेरॉक्स काढा. विद्यापीठाकडून पुस्तकं आली असतील तर ती माळ्यावरून खाली काढा. नसतील तर ई-ज्ञानकोश या इग्नूच्याच संकेतस्थळावर सगळे घटक फुकट आहेत, छापून घ्या आणि स्पायरल करून आणा. दीडदोनशे रुपये जातील. ते पुस्तक स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. कागद हातात घेऊन बसलेल्या बाईला अभ्यास करतेय असं म्हणतात, मोबाईल घेऊन बसलेलीला कुणी म्हणत नाही. हे बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, आपल्या घरांत असंच आहे. आणि त्यांना सांगा. 'आई, माझं एम.ए. राहिलंय, पुढच्या जूनपर्यंत पुरं करायचंय' एवढंच. त्या काय म्हणतील? एखादं वाकडं बोलतील फार तर. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला 'आमची सून एम.ए. करतीया' हे सांगितल्याशिवाय राहायच्या नाहीत, आणि एकदा शेजारणीला सांगितलं की मग ते पुरं होणं ही त्यांचीही गरज होते.

मिस्टरांचं 'झेपत नसेल तर सोड' हे वाक्य मला ओळखीचं आहे. यात वाईटपणा नाही, पण मदतही नाही. दार उघडं ठेवलंय, आणि तेही बाहेर जायचं. रात्री साडेदहाला गाडी काढून न्यायला येणारा माणूस वाईट नक्कीच नाही. त्याला काम काय करायचं ते सांगितलेलं नाही इतकंच. 'मला जरा मदत करत जा' हे कुठल्याच नवऱ्याला कळत नाही. 'दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी नऊ ते दोन, मुलं आणि आई तुमच्याकडे, मी वाचनालयात' हे कळतं. बँकेला सुट्टी असलेले ते दोन शनिवार सध्या कशात जातात ते मी पैजेवर सांगते: दळण, चादरी, आणि मुलीचा प्रोजेक्ट. त्यांची पाळी ज्या शनिवारी आड येईल तेव्हा रविवार घ्या. पाळ्यांचा तक्ता घेऊन दोघं एकदा बसा आणि कॅलेंडरवर खुणा करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्यावर गॅसची आणि दुधाची नोंद असते त्याच.

हिशोब तुम्हाला आवडेल, म्हणून करून दाखवते. इग्नूच्या मोजमापात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांचा पेपर म्हणजे १८० तास, आणि प्रबंधाला त्याच्या दुप्पट धरा, ३६०. ज्या पेपरात दोन गुण कमी पडले त्याला १८० कशाला, ६० पुष्कळ झाले. एकूण ६००. पुढच्या जूनपर्यंत आठवडे हातात ६०. आठवड्याला दहा तास. आता बघा: महिन्यातले ते दोन शनिवार पाच-पाच तास, म्हणजे आठवड्याला अडीच. रविवारी दुपारी तीन. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एकेक तास, हे तीन. साडेआठ झाले. सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळते का? मिळत असेल तर रोज वीस मिनिटं जुन्या प्रश्नपत्रिका चाळायला, त्याहून जड काही नको. कऱ्हाडच्या रस्त्यांवर वाचायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. दहाला पोचलात.

रात्री अकराचा अभ्यास बंद. पूर्ण बंद. ती चाळीस मिनिटं तुम्ही अभ्यासाच्या नावानं झोपता आणि झोपेच्या नावानं स्वतःला कोसता. आपल्या डोक्यात रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेल्यांच्या गोष्टी इतक्या घट्ट बसल्यात, की डोळे तारवटल्याशिवाय अभ्यास केल्यासारखं वाटतच नाही. त्या दिव्याखालच्या मुलाला दुसऱ्या दिवशी रोकड मोजायची नसायची. तुम्ही दमल्या डोळ्यांनी काउंटरवर बसलात आणि संध्याकाळी पाचशेची एक नोट कमी आली तर ती कुणाच्या खिशातून जाते ते तुम्हाला माहीत आहे.

आता कामाचा क्रम, कारण इथंच बहुतेक जण घसरतात. प्रबंध मोठा, म्हणून तो शेवटी ठेवायचा आणि आधी पेपर उरकायचे, असं सगळ्यांना वाटतं. उलटं करा. पेपर तुमच्या एकटीच्या हातात आहेत. प्रबंधाला दुसऱ्यांचे हात लागतात: सरांची सही, सारांश म्हणजे प्रबंधाचा आराखडा मंजूर होऊन येणं, गटांच्या बायका भेटणं, टायपिंग, बाइंडिंग. जे दुसऱ्यांवर अवलंबून आहे ते आधी हलवून ठेवायचं आणि ते टपालात असताना आपण आपला पेपर वाचायचा. म्हणून या आठवड्यात पहिली दोन कामं. एक, ३८ वाल्या पेपरसाठी जूनच्या परीक्षेचा फॉर्म. तो मार्चच्या आसपास सुरू होतो, हे वाचाल तेव्हा विलंब शुल्काची वेळ आली असेल, तरी भरा. त्या पेपरचे असाइनमेंटचे गुण तुमच्या नावावर आहेत, लेखी तेवढं पुन्हा द्यायचं. दुसरा पेपर डिसेंबरला, त्याचे असाइनमेंट गणपतीच्या आत लिहून टाका. मुदती पुढं ढकलल्या जातात खऱ्या, पण त्या भरवशावर संसार मांडू नका. इंग्रजी माध्यम घेतलं असेल आणि एखादं पान चार वेळा वाचून डोक्यावरून जात असेल, तर त्याच घटकाचं हिंदी पुस्तक उघडा. आपल्याला ते पटकन लागतं. मग इंग्रजीकडे परत या.

दोन, सरांना फोन. फोन होणार नसेल तर निरोप पाठवा. तुम्ही आठ महिन्यांचा खुलासा लिहायला बसाल आणि तो कधीच पाठवणार नाही, म्हणून मीच लिहून देते:

'नमस्कार सर. मधले काही महिने प्रबंधाचं काम थांबलं होतं, आता पुन्हा सुरू करते आहे. विषय लहान केला आहे, एक पान लिहून आणते. येत्या दुसऱ्या शनिवारी कॉलेजवर किंवा आपण सांगाल तिथं भेटू का?'

एवढंच. क्षमस्व नको, मुलाचं आजारपण नको, सासूबाईंचे गुडघे नकोत. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाकडे असे गायब झालेले पाच-सहा जण कायम असतात. त्यातली एक परत आली तर त्यांना बरंच वाटतं. आणि हातात एक लिहिलेलं पान घेऊन आली तर ते खुर्ची पुढं ओढतात.

त्या एका पानावर काय लिहायचं? तुम्ही विषय कळवलेला नाही, पण मी ओळखते: 'महाराष्ट्रातील महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका.' बरोबर? हा विषय दरवर्षी इतकी माणसं घेतात की सक्षमीकरणाला आता दम लागला असेल. आणि तो तुमच्यानं होणारही नाही, कारण महाराष्ट्र फार मोठा आहे आणि तुमच्याकडे महिन्याला दोन शनिवार. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ साली गट आणि बँका जोडायला सुरुवात केली तीसुद्धा प्रायोगिक, ५०० गटांपुरती. सगळा देश हाताशी असलेली संस्था ५०० वर थांबली, तर तुम्ही एका शाखेतल्या बारा गटांवर थांबायला हरकत नाही.

तुमचा विषय तुम्ही मला पत्रात पाठवलाय, तुम्हाला तो दिसला नाही इतकंच. 'आमचा गट अजून जित्ता हाय न्हवं?' या बाई पासबुकावर हात फिरवतात, म्हणजे वाचत नाहीत. आकडे त्यांना सांगत नाहीत की गट जिवंत आहे की नाही. तुम्हाला तरी सांगतात का? बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नोंदी. यातलं बँकेच्या पडद्यावर काय दिसतं? बचत जमा झाली की नाही आणि हप्ता आला की नाही. बैठक होते की नाही ते दिसत नाही. वही कोण लिहितं ते दिसत नाही. कितीतरी गटांत वही लिहिणारी एकच असते, दहावी-बारावी झालेली सून किंवा लेक. तिचं लग्न होतं किंवा ती नवऱ्याबरोबर पुण्याला जाते, आणि त्या महिन्यापासून वही कोरी. पैसे मात्र येत राहतात, कुणीतरी एकटीच गोळा करून भरत असते. बँकेच्या लेखी गट ठणठणीत. मग एका महिन्यात एकदम सगळं थांबतं आणि शाखेत म्हणतात, 'थकला.' गट मरायला लागतो तेव्हा पाचांतलं आधी काय बंद पडतं, आणि बँकेला ते किती महिन्यांनी कळतं? हा प्रश्न तुम्ही दर गुरुवारी काउंटरच्या आतून बघता. बाहेरून आलेल्या संशोधकाला तो दिसायला सहा महिने लागतील.

चालू असलेले सहा गट घ्या, बंद पडलेले सहा. बारा वह्या, आणि प्रत्येक गटातल्या दोघीतिघींशी बोलणं. पावसाळ्यात जाऊ नका, बायका भांगलणीला असतात आणि संध्याकाळी कुणाच्यात बोलायचं त्राण नसतं. दसऱ्यानंतर जा, बैठकीच्याच दिवशी, म्हणजे वेगळं बोलावणं नको. एक खबरदारी: बँकेच्या संगणकावरचं कुणाचंही खातं प्रबंधासाठी उघडायचं नाही. तुम्हाला ते उघडता येतं म्हणूनच उघडायचं नाही. गटाची वही गटाच्या संमतीनं बघा, संमती लेखी घ्या, आणि बँकेकडून काही आकडे हवेत तर ते अर्ज करून, नावं वगळून. आता कळलं ना, साहेबांना आधी सांगायला का म्हणत होते? आणि बाईंशी बोलताना काउंटरच्या आत बसून बोलू नका. तिथं त्या तुम्हाला कर्ज देणाऱ्या समजतात आणि सगळं छान चाललंय म्हणून सांगतात.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, सोडून देऊ का. सोडता येतं. त्यात लाजेचं काही नाही, माझ्या ओळखीच्या दोघींनी सोडलं आणि त्या मजेत आहेत. पण सोडायचं तर तारीख घालून सोडा. मी तुम्हाला दिवाळी देते. दिवाळीपर्यंत सारांश मंजुरीला गेला नसेल, तर हॉलतिकिटांसकट सगळे कागद एका पिशवीत भरा, पिशवी माळ्यावर, आणि त्यानंतर त्याबद्दल एक दिवससुद्धा हळहळायचं नाही. आत्ता तुम्ही करतही नाही आणि सोडतही नाही, आणि या मधल्या अवस्थेनंच तुम्हाला ३१ मार्चच्या रात्री रडवलं. बँकेच्या कामानं रडवलं असतं तर तुम्ही गेली दहा वर्षं दर मार्चला रडत आला असता.

मुदत संपली तरी झालेले पेपर लगेच पाण्यात जात नाहीत, राहिलेल्यांपुरती फी भरून पुनर्प्रवेशाची सोय असते. हे खरं तर सांगणार नव्हते. तुम्ही तिच्यावर टेकाल अशी भीती वाटते. पण ही माहिती लपवली तर मीही तुमच्यासारखीच झाले.

आणि एक. त्या अध्यक्षाबाईंना तुम्ही दर गुरुवारी उत्तर काय देता, ते पत्रात लिहिलेलं नाही. तेवढं मला कळवा. गट कुठल्या गावचा, वही सध्या कोण लिहितं, तेही.